ब्राह्मी नैराश्यावर चालते का, हे माइसवर कसं तपासावं?

एम. फार्म.च्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आला आहे. थोडक्यात असा: "आमच्याकडे रत्नागिरीत माणूस गप्पगप्प राहू लागला, अन्नावरची वासना गेली, की ब्राह्मीचा रस देतात. त्याच ब्राह्मीचा मेथॅनॉलमध्ये अर्क काढून स्विस माइसवर (प्रयोगशाळेतल्या छोट्या पांढऱ्या उंदरांवर) फोर्स्ड स्विम (पाण्यात सोडून पोहायला लावणं) आणि टेल सस्पेन्शन (शेपटीने टांगणं) या दोन टेस्ट करायचं ठरवलंय. मात्रा १००, २०० आणि ४०० मिलिग्रॅम प्रति किलो, गटात सहा-सहा माइस, तुलनेला फ्लुऑक्सेटिन हे नैराश्यावरचं नेहमीचं औषध. एवढं पुरेल का सर? आणि निकाल चांगले आले तर ब्राह्मी नैराश्यावर गुणकारी आहे असं लिहिता येईल का?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही, लिहिता येणार नाही. निकाल कितीही देखणे आले तरी नाही. पहिल्याचं उत्तर लांबलचक आहे, आणि त्यातला बराच भाग माइसला हात लावण्याच्या आधीचा आहे.

तुमची ब्राह्मी कोणती? कोकणात ओलाव्याच्या जागी, बागायतीत जमिनीसरपट पसरणारी, लांब देठाची, गोलसर आणि कातरल्यासारख्या कडांची पानं 'ब्राह्मी' म्हणून सर्रास खुडतात. ती सेंटेला एशियाटिका, म्हणजे मंडूकपर्णी. काही ठिकाणी तिला कारिवणा म्हणतात. ती कोथिंबिरीच्या कुळातली. आयुर्वेदिक फार्माकोपियात ब्राह्मी म्हणून नोंदलेली वनस्पती वेगळी आहे: बॅकोपा मोनिएरी. तिची पानं छोटी, मांसल, समोरासमोर जोडीनं येणारी आणि जवळपास बिनदेठाची; फूल पांढरट किंवा फिकट जांभळं. बॅकोपातली मुख्य द्रव्यं बॅकोसाइड, सेंटेलातली एशियाटिकोसाइड. संदर्भ बॅकोपाचे वाचायचे आणि अर्क सेंटेलाचा काढायचा, असे प्रबंध मी परीक्षक म्हणून पाहिले आहेत. त्यात विद्यार्थ्याचा दोष निम्माच असतो, कारण काष्ठौषधीच्या दुकानात 'ब्राह्मी' मागितली की हाताला लागेल ते पुडीत बांधून मिळतं. शंखपुष्पीचा घोळ तर याहून मोठा: कॉन्व्हॉल्व्युलस, इव्हॉल्व्युलस, गोकर्ण आणि कॅन्स्कोरा अशा चार निरनिराळ्या वनस्पती देशाच्या निरनिराळ्या भागांत त्याच नावाने खपतात.

म्हणून भुकटी विकत आणू नका. स्वतः जाऊन मुळासकट, फुलासकट ताजा नमुना घ्या, वर्तमानपत्रात दाबून हर्बेरियम शीट करा आणि ओळख पटवून घ्या. पुण्यात बोटॅनिकल सर्व्हेचं पश्चिम मंडळ आणि आघारकर संस्था आहे, मुंबईत सेंट झेवियर्सचं ब्लाटर हर्बेरियम आहे. मिळालेला नमुना क्रमांक प्रबंधात छापा. आणि बॅकोपा असेल तर ती कुठल्या पाण्यातून उपटली हेही लिहा. ही वनस्पती पाण्यातले जड धातू भराभर शोषून घेते, इतकी की सांडपाणी शुद्ध करण्यासाठी तिचा अभ्यास झाला आहे. गटाराकाठची ब्राह्मी उकळून माइसला पाजली तर तुम्ही काय पाजलं हे तुम्हालाच सांगता येणार नाही.

आता अर्क. तुमच्या गावात रस देतात, मेथॅनॉल देत नाहीत. चरकाच्या मेध्य रसायनांतही मंडूकपर्णीचा स्वरस सांगितला आहे, यष्टीमधूचं चूर्ण दुधाबरोबर आणि शंखपुष्पीचा कल्क. कल्प, म्हणजे औषध करायची रीत, बदलला की त्यातली द्रव्यं बदलतात. पाण्यात उतरणारी एक, मेथॅनॉलमध्ये उतरणारी दुसरी. मेथॅनॉल वापरूच नका असं माझं म्हणणं नाही; पण मग प्रस्तावनेत परंपरेचा आधार घेऊ नका, किंवा घ्यायचाच असेल तर स्वरसाचा एक गट ठेवा. मला स्वतःला तो गट जास्त रोचक वाटतो. आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. मेध्य म्हणजे बुद्धी-स्मृतीला हितकर. चरकाने विषाद वातविकारांच्या यादीत घातला आहे आणि उन्मादाचा तर स्वतंत्र अध्याय आहे. 'मेध्य' लिहिलेलं दिसलं की 'आपल्या पूर्वजांनी हिला अँटिडिप्रेसंट म्हटलंय' असं वाक्य ठोकून देऊ नका.

सगळ्या प्रयोगाला पुरेल एवढा अर्क एकाच वेळी काढा, त्याचा उतारा किती टक्के आला ते लिहा, एचपीटीएलसीचा (अर्कातली द्रव्यं पट्ट्यांत वेगळी करून दाखवणाऱ्या तपासणीचा) ठसा घ्या आणि जमल्यास बॅकोसाइडचं प्रमाण मोजून घ्या. सॉक्सलेट, रोटाव्हॅपर वगैरे तुम्हाला येतंच.

मात्रेकडे मात्र जरा थांबू, कारण १००-२००-४०० ही त्रयी आपल्याकडे कुणीही विचार न करता लिहितो. कागद घ्या. माइसमधली मात्रा माणसाच्या मात्रेत बदलताना शरीराच्या पृष्ठफळाच्या हिशोबाने ३ ने गुणून ३७ ने भागतात. ४०० गुणिले ३ भागिले ३७ म्हणजे साधारण ३२ मिलिग्रॅम प्रति किलो. साठ किलोच्या माणसाला जवळपास १.९ ग्रॅम अर्क. तुमचा उतारा १० टक्के धरला तर ही १९ ग्रॅमहून जास्त सुकी वनस्पती झाली, रोज. फार्माकोपियात ब्राह्मीच्या चूर्णाची मात्रा १ ते ३ ग्रॅम दिली आहे. म्हणजे तुमच्या वरच्या मात्रेला काही गुण दिसला तरी तो आजीच्या वाटीतल्या रसाबद्दल काहीच सांगत नाही. उलट उदाहरण बघा: वाराणसीच्या संशोधकांनी २००२ साली बॅकोपाच्या प्रमाणित अर्काचा रॅट्सवरचा जो अभ्यास छापला त्यात २० आणि ४० मिलिग्रॅम प्रति किलो, तोंडावाटे, पाच दिवस दिले होते आणि परिणाम इमिप्रामिन या जुन्या नैराश्यविरोधी औषधाच्या तोडीचा दिसला होता. रॅटचा गुणक ६ आहे. ४० चा हिशोब केला तर माणसाला सुमारे ३९० मिलिग्रॅम येतात. स्मरणशक्तीसाठी माणसांवर ज्या चाचण्या झाल्या त्यांत ३०० मिलिग्रॅमच्या आसपास अर्क देतात. ही मात्रा पटण्यासारखी आहे. तुमच्या खालच्या मात्रेच्याही खाली एक मात्रा घ्या आणि ४०० काढून टाका. तीव्र विषाक्ततेची ओईसीडी ४२३ टेस्ट २००० मिलिग्रॅमपर्यंत 'सुरक्षित' आली म्हणून तिचा दहावा-विसावा भाग घ्यायचा, ही पद्धत मात्रा ठरवण्याची नव्हेच; ती फक्त जनावर मरणार नाही एवढं सांगते.

आता टेस्टकडे. दोन्हींत प्राणी धडपड सोडून किती वेळ निश्चल राहतो ते मोजतात, आणि तो वेळ कमी झाला तर औषधाचा गुण धरतात. त्या खरोखर काय मोजतात हे समजायला त्यांचा इतिहास कामाला येतो. इमिप्रामिनचा गुण कुठल्याही उंदराने दाखवला नव्हता. स्किझोफ्रेनियासाठी म्हणून ते औषध देऊन पाहत असताना स्वित्झर्लंडच्या रोलांड कून यांना ते खिन्न रुग्णांना मानवतंय असं दिसलं, आणि १९५७ मध्ये त्यांनी ते छापलं. इप्रोनियाझिड तर क्षयाचं औषध. त्यावरचे रुग्ण भलतेच हुशारीत दिसू लागले म्हणून लक्ष गेलं. फोर्स्ड स्विम टेस्ट पोर्सोल्ट यांनी आणली १९७७ मध्ये, टेल सस्पेन्शन आलं १९८५ मध्ये. म्हणजे औषधं आधी, टेस्ट मागाहून. आणि टेस्टची पारख त्या औषधांवरच केलेली. त्यामुळे त्या टेस्ट 'माहीत असलेल्या औषधांसारखं काही आहे का' एवढंच हुंगून सांगतात. माणसात ही औषधं दोन ते चार आठवड्यांनी लागू पडतात. टेस्टमध्ये एकच डोस दिल्यावर अर्ध्या तासात माइस जास्त हातपाय मारतो. या दोन गोष्टी एकच कशा असतील?

टेस्टची रीत तुम्हाला पुस्तकात मिळेल, ती उतरवत नाही. प्रत्यक्षात कुठे घसरतं ते सांगतो. टेल सस्पेन्शनमध्ये शेपटीच्या टोकापासून सुमारे एक सेंटिमीटरवर चिकटपट्टी लावून सहा मिनिटं टांगतात. सुरुवातीला माइस वळवळतो, अंग वर उचलतो, मग थांबतो. थांबल्यावरही आधीच्या झटक्याने तो लंबकासारखा झुलत राहतो. नवशिका तो झोका 'हालचाल' धरतो आणि घड्याळ थांबवतो. तो झोका निश्चलतेतच मोजायचा असतो. पुढच्या पायांची बारीकशी थरथर, मागचे पाय स्वस्थ, हे काय धरायचं ते प्रयोगाआधी लिहून ठेवा. काही माइस शेपटीवरून वर चढून बसतात; सी५७ जातीत हे फारच. त्यांना गणतीतून वगळायचं, आणि किती वगळले ते सांगायचं. पोहण्याच्या टेस्टमध्ये पाण्याचं तापमान २५ अंशांच्या आसपास लागतं. एप्रिल-मे महिन्यात विदर्भात गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळाला कढत येतं आणि जानेवारीत नाशिकला गारठलेलं. दोन्हींत आकडे बदलतात. थर्मामीटर भांड्यातच सोडून ठेवा. प्रत्येक माइसनंतर पाणी बदला, कारण आधीच्याच्या विष्ठेचा आणि भीतीचा वास पुढच्याला कळतो. बाहेर काढल्यावर पुसून, दिव्याखाली ऊब देऊन मगच पिंजऱ्यात सोडा. रॅट्सवर करणार असाल तर पाण्याची खोली ३० सेंटिमीटर ठेवून पोहणं आणि चढणं वेगळं मोजायची १९९५ची सुधारित रीत वापरा. जुन्या रीतीत फ्लुऑक्सेटिनसारखी औषधं कधीकधी दिसतच नाहीत, आणि तुमच्या तुलनेचा गटच आडवा पडतो.

यापुढचा मुद्दा न टाळता येणारा. कॅफीन दिलेला माइसही कमी वेळ निश्चल राहतो. अँफेटामिन दिलेला तर विचारूच नका. म्हणून त्याच मात्रेवर, वेगळ्या माइसमध्ये, अॅक्टोफोटोमीटर किंवा ओपन फील्ड, म्हणजे नुसतं फिरणं मोजणारी टेस्ट, करायलाच हवं. फिरणं वाढलं असेल तर तुमच्या हाती उत्तेजक लागलंय. फिरणं तेवढंच आणि निश्चलता कमी, तर पुढे बोलण्यासारखं काहीतरी आहे. निश्चलता वाढलीच, तर अर्क झोप आणतोय का ते पाहा आणि तसं छापा. आपल्याकडे 'परिणाम दिसला नाही' असा प्रबंध अपयश समजतात. मी तसा प्रबंध हसत पास करतो, काम नीट असेल तर.

आंधळेपणा, म्हणजे मोजणाऱ्याला गट माहीत नसणं, हे वनस्पतींच्या कामात खास अवघड आहे. फ्लुऑक्सेटिनचं द्रावण पाण्यासारखं, आणि तुमचा अर्क सीएमसी या घट्ट करणाऱ्या पदार्थात घोटला की हिरवट काळा लगदा; गॅव्हाज करताना, म्हणजे नळीने पोटात पाजताना, माइसच्या मिशांना हिरवं लागतं. पाजणाऱ्याला कळणारच. उपाय एकच: पाजणारा एक, मोजणारा दुसरा. टेस्टचा व्हिडिओ घ्या, फाइलींना तिसऱ्याकडून आकडे द्या, दोन जणांनी स्वतंत्रपणे मोजा, आणि त्यांचं जमतं का ते बघून मगच कोड उघडा. मिशा आधी पुसून घ्या. मोबाइलवर स्टॉपवॉच लावून, समोर उभं राहून, गटाची चिठ्ठी पिंजऱ्यावर असताना केलेली मोजणी मी तरी धरत नाही.

गटात सहा का? कारण सगळे सहा घेतात, याखेरीज कारण मिळणार नाही. दोन गटांची साधी तुलना धरली तर सहा-सहा माइसमध्ये ८० टक्के खात्रीने फरक पकडायचा म्हणजे तो प्रमाण विचलनाच्या जवळपास १.८ पट असावा लागतो. एवढा ढोबळ फरक वनस्पतीच्या अर्कात विरळाच. दहा-दहा घेतले तर १.३ पटीपर्यंत खाली येता. चार-पाच गट असताना तर आणखी कस लागतो. संस्थेची नैतिक समिती 'जनावरं कमी करा' म्हणते म्हणून सहाच घेतले, असं सांगू नका. जी टेस्ट काहीच सांगू शकत नाही तिच्यात गेलेले सगळेच माइस वाया गेलेले असतात. फॉर्म बीमध्ये, म्हणजे समितीकडे परवानगीसाठी द्यायच्या अर्जात, गणित करून दाखवा, समिती ऐकते. मात्रा दोनच ठेवा, एक टेस्ट कमी करा, पण गट दहाचा करा. आलेखात एसईएमऐवजी (सरासरीच्या प्रमाण त्रुटीऐवजी) एकेका माइसचा ठिपका दाखवा. नंतर सगळ्या गटांची एकत्र तुलना करणारी एकमार्गी अॅनोव्हा आणि प्रत्येक गट नियंत्रण गटाशी ताडणारी डनेट. जोड्या-जोड्यांनी टी-टेस्ट लावत सुटायचं नाही.

कमी कोणती टेस्ट करायची? माझं मत विचाराल तर पोहण्याची. ती आणि टेल सस्पेन्शन एकाच प्रकारचा प्रश्न विचारतात. दोन्हींत गुण दिसला म्हणजे दोन पुरावे झाले असं नाही. शिवाय त्या टेस्टवर जगभर टीका चालू आहे, आणि ती नुसती प्राणिप्रेमींची नाही. मोलेन्डेइक आणि द क्लूट या डच संशोधकांनी २०१५ मध्ये मांडलं की तरंगत थांबणं हे हताश होणं नसून शहाणपण आहे: सुटका नाही हे उंदीर शिकतो आणि ताकद राखून ठेवतो. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सने २०२४ मध्ये ती कायद्यानेच बंद केली. आपल्याकडे बंदी नाही, पण परदेशी नियतकालिकाकडे लेख पाठवाल तेव्हा परीक्षक हा प्रश्न काढणारच. आमच्या समितीत समाजातून घेतलेले एक निवृत्त शिक्षक होते. ते प्रत्येक वेळी विचारायचे, "पोहायचं थांबलेला उंदीर उदास आहे हे तुम्हाला त्याने सांगितलं का?" सगळे हसायचे. समितीतल्या शास्त्रज्ञांपेक्षा त्यांचा प्रश्न नेमका असायचा.

वाचलेला वेळ आणि माइस एका दीर्घ प्रारूपाला (मॉडेलला) द्या. अनपेक्षित सौम्य ताणाचं प्रारूप घेतलंत तर कधी पिंजरा तिरपा, कधी ओली भुशी, कधी रात्रभर उजेड, असं काही आठवडे चालतं. मग साखरेचं एक टक्का द्रावण आणि साधं पाणी यांच्या दोन बाटल्या ठेवून कशाकडे ओढा आहे ते मोजतात. ताणाखालच्या माइसची गोडाची ओढ उतरते, आणि औषध आठवडेच्या आठवडे दिल्यावर सावकाश परत येते. हा सावकाशपणाच मला मोलाचा वाटतो. माणसाच्या आजाराशी तो जरा तरी जुळतो. त्रास आहेच. भारनियमनात अॅनिमल हाउसचे दिवे गेले की तो ताण नियंत्रण गटालाही बसतो. बाटल्या गळतात, रिकाम्या पिंजऱ्यावर एक बाटली लावून गळती वजा करा. बाटल्यांच्या जागा अदलाबदल करा, नाहीतर डावीकडचीच पिणारा माइस तुम्हाला गोडघाशा वाटेल.

रिझर्पिनचं प्रारूप सुचवणारे बरेच भेटतील, स्वस्त आहे म्हणून. त्याची गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. सर्पगंधा ही आपलीच. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये तिच्यावरचा रक्तदाबाचा अभ्यास ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला आणि जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं. १९५२ मध्ये सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तिच्यातून रिझर्पिन वेगळं केलं. मग ते घेणारे काही रुग्ण खिन्न झाल्याच्या नोंदी येऊ लागल्या. माइसला दिलं तर पापण्या मिटतात, अंग गार पडतं, तो कोपऱ्यात बसून राहतो. इमिप्रामिनने हे उलटतं. नैराश्याच्या टेस्टांपैकी सर्वांत जुन्यांपैकी एक अशी एका भारतीय मुळीतून निघाली. पण आज ती वापरू नका. फ्लुऑक्सेटिनसारखी औषधं तिच्यात बहुधा नापास होतात आणि नुसती उत्तेजकं पास होतात.

यंत्रणेच्या मागे लागाल तर पीसीपीए देऊन सेरोटोनिन उतरवून अर्काचा गुण टिकतो का ते पाहा. तेवढं एक बास. मार्गदर्शक म्हणतील म्हणून शेवटच्या महिन्यात डॉकिंगची (रेणू रिसेप्टरमध्ये कसा बसतो याची संगणकावर काढलेली) रंगीत चित्रं चिकटवू नका. पोटातून दिलेला बॅकोसाइड मेंदूपर्यंत त्याच रूपात पोचतो का, हे न बघता तो कुठल्या रिसेप्टरच्या खाचेत बसतो याचं चित्र काढण्यात अर्थ नाही. हळदीच्या बाबतीत हेच झालं: नळीत कर्क्युमिन जवळपास प्रत्येक एन्झाइमला भारी पडतं, पण रक्तात ते पोचतंच जेमतेम.

आता तुमचा दुसरा प्रश्न, लिहायचं काय. मथळा असा द्या: 'बॅकोपा मोनिएरीच्या प्रमाणित अर्काचा स्विस माइसमधील टेल सस्पेन्शन निश्चलतेवर आणि ताणोत्तर साखर-पसंतीवर परिणाम'. मार्गदर्शकांना कोरडा वाटेल. त्यांना सांगा, 'नैराश्यविरोधी'ऐवजी 'नैराश्यविरोधीसदृश' हा शब्द गोषवाऱ्यात एकदा येऊ द्या, पण निष्कर्षात वनस्पतीचा कल्प, मात्रा, प्राणी आणि टेस्ट ही चारही नावं एकाच वाक्यात राहू द्या. असे मथळे बातमीत 'ब्राह्मी पळवते नैराश्य' होतात, आणि गोळ्या चालू असलेला कुणीतरी त्या बंद करून रस सुरू करतो. युरोपातल्या हायपेरिकम (सेंट जॉन्स वर्ट) या वनस्पतीला सौम्य ते मध्यम नैराश्यात माणसांवरच्या चाचण्यांत खरोखर गुण दिसला आहे, तरी तीच वनस्पती यकृतातले एन्झाइम वाढवून गर्भनिरोधक गोळ्या आणि प्रत्यारोपणानंतरचं सायक्लोस्पोरिन निष्प्रभ करते. हे माइसच्या कुठल्याच टांगणीत दिसलं नसतं.

व्हिडिओ पुसू नका. कोडची यादी, वगळलेल्या माइसची कारणं आणि उरलेला अर्क हवाबंद, फ्रीजमध्ये, तारीख घालून ठेवा. तोंडी परीक्षेत मी पहिल्यांदा तेच मागतो.